रोमन लोक आयर्लंडला गेले होते का? एक जळकं अंजीर, एक अर्धवट वाक्य आणि पुष्कळ भांडणं

डब्लिनहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलं की लॉक्शिनी नावाचं छोटंसं गाव लागतं. त्याच्या शेजारी जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलंय, तीन बाजूंना कडे, आणि चौथी बाजू जी जमिनीला जोडलेली आहे तिथे एकापुढे एक तीन चर खणून, मातीचे बांध घालून ती अडवलेली. जागेचं नाव ड्रमॅना. २०२४ च्या शेवटी बातमी आली की इथल्या खोदकामात एक अंजीर सापडलंय. नुसती बी नाही, अख्खं अंजीर. जळून काळंठिक्कर पडलेलं, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. जळलं म्हणूनच टिकलं खरं तर, कारण कोळसा झालेली वस्तू सडत नाही, किड्यामुंगीला खाण्यासारखं त्यात काही उरतच नाही, नाहीतर आयर्लंडच्या त्या ओल्या मातीत फळ कसलं राहतंय.

आता त्या काळी आयर्लंडमध्ये कोणी अंजिराची बाग लावून बसलेलं नव्हतं. म्हणजे हे कुठूनतरी भूमध्य समुद्राच्या बाजूने सुकवून, बहुतेक ब्रिटनमार्गे, बोटीत बसून आलं आणि कोणाच्यातरी चुलीत पडलं. मग रोमन लोक आयर्लंडला गेले होते असं म्हणायचं का?

जरा दम धरा. अंजीर गेलं होतं एवढं नक्की. ते कोणी नेलं हा वेगळा प्रश्न, आणि नेणारा व्यापारी होता की शिपाई की सासरी निघालेली मुलगी हा त्याच्याही पुढचा. या सगळ्या विषयात शंभर दीडशे वर्षं जी भांडणं चाललीयत ती जवळजवळ सगळी या एका गोष्टीवरून आहेत, की वस्तू सापडली म्हणून माणूस आला होता असं धरायचं का, आणि माणूस आला म्हणून फौज आली होती असं धरायचं का. पहिल्या पायरीवरून डायरेक्ट तिसरीवर उडी मारणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचीच बातमी होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. रोमने ब्रिटन घ्यायला सुरुवात केली इ.स. ४३ मध्ये आणि तिथून त्यांचा कारभार सुटला तो ४१० च्या आसपास. म्हणजे साडेतीनशे वर्षं, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंतचा काळ धरा जवळजवळ, एवढा काळ रोमन साम्राज्य आयर्लंडच्या अगदी शेजारी बसलेलं होतं. मधे समुद्र किती? स्कॉटलंडच्या किंटायरच्या टोकापासून आयर्लंडचा अँट्रिमचा किनारा जेमतेम २० किलोमीटर. हवा स्वच्छ असेल तर समोर दिसतो. एवढ्या जवळ असून साडेतीनशे वर्षांत कोणी गेलंच नाही असं म्हणणं म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते आयुष्यभर माहीत नाही म्हणण्यासारखं आहे. (हां, आता शहरात तेही होतं म्हणा.) पण गेले तर मागे काय ठेवून गेले? कारण रोमन जिथे खरोखर बसले तिथे ते लपत नाहीत, सरळसोट रस्ते, मैलाचे दगड, चौकोनी छावण्या, न्हाणीघरं, लॅटिन अक्षरं कोरलेल्या शिळा असा सगळा पसारा राहतो. आयर्लंडमध्ये यातलं काही नाही. एकही रोमन रस्ता नाही, सगळ्यांना मान्य अशी एकही छावणी नाही.

म्हणून मग लोक पुस्तकांकडे वळतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

टॅसिटस नावाचा रोमन इतिहासकार. त्याने आपल्या सासऱ्याचं चरित्र लिहिलं इ.स. ९८ च्या सुमारास, सासरा म्हणजे अग्रिकोला, ब्रिटनचा गव्हर्नर. जावयाने सासऱ्याचं लिहिलेलं चरित्र कसं असणार हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तरी त्यातला २४ वा भाग म्हणजे या सगळ्या वादाचं मूळ आहे. त्यात म्हटलंय की मोहिमेच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स. ८१-८२ च्या आसपास, अग्रिकोलाने ब्रिटनच्या आयर्लंडकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सैन्य उभं केलं. घरच्या भांडणात हाकलला गेलेला एक आयरिश राजा त्याच्याकडे आला होता, त्याला त्याने दोस्तीच्या नावाखाली ठेवून घेतलं, वेळ आली की उपयोगी पडेल म्हणून. आणि टॅसिटस म्हणतो, सासऱ्यांच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकलंय की एक लीजन आणि थोडी जादा कुमक एवढ्यावर आयर्लंड जिंकून ताब्यात ठेवता येईल. एक लीजन म्हणजे साधारण पाच हजार माणूस.

इथपर्यंत सगळं "करता आलं असतं" या थाटाचं आहे. रिटायर झालेले काका जेवणानंतर सांगतात ना, तेव्हा त्या भावात तो प्लॉट घेतला असता तर, तसं. जो माणूस "जिंकता येईल" असं पुन्हापुन्हा म्हणतो त्याने जिंकलेलं नसतं, हे मला तरी सरळ वाटतं.

पण त्याच भागाच्या सुरुवातीला एक वाक्य आहे. त्यात म्हटलंय की पहिल्या जहाजाने ओलांडून जाऊन त्याने तोवर माहीत नसलेल्या जमातींना अनेक लढायांत नमवलं. ओलांडून. काय ओलांडून? ते वाक्यात नाहीच. नदी? खाडी? समुद्र? बहुतेक विद्वान म्हणतात की स्कॉटलंडमधली कुठलीतरी खाडी किंवा नदीचं मुख, क्लाइड वगैरे. काहींना वाटतं की हस्तलिखितं नकलताना तिथे शब्द बिघडलाय आणि मूळ वेगळंच काहीतरी होतं. आणि मोजके लोक म्हणतात की पुढच्याच ओळीत आयर्लंडचं नाव येतंय तर ओलांडला तो आयरिश समुद्रच. एका गाळलेल्या कर्मावर अख्खी स्वारी उभी करायची म्हणजे काय, शाळेत व्याकरणाच्या बाई सांगायच्या की वाक्यात कर्म कुठे आहे ते बघा, त्या उगीच नव्हत्या सांगत.

दुसरा साक्षीदार ज्युवेनल, हा व्यंगकवी. तो एका कवितेत म्हणतो की आम्ही शस्त्रं आयर्लंडच्या किनाऱ्यांपलीकडे नेली, स्कॉटलंडच्या वरची नुकतीच जिंकलेली ऑर्कनी बेटं वगैरे. झालं, सापडला पुरावा! पण ती ओळ आहे कुठे, तर रोमन पुरुषांच्या घसरलेल्या नीतिमत्तेची टर उडवणाऱ्या कवितेत, तिथे तो बढाया मारणाऱ्या साम्राज्याला टोमणा मारतोय. टोमण्यातून भूगोल काढायचा तर जपून.

बाकीचे तर त्याहून भारी. स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार लिहितो की आयर्लंडचे लोक नरभक्षक आहेत, बाप मेला की त्याला खातात, आणि मग प्रामाणिकपणे हेही लिहितो की याला विश्वासू साक्षीदार काही आमच्याकडे नाहीत. (फॉरवर्डेड मेसेजखाली "खरं खोटं माहीत नाही" लिहायची पद्धत केवढी जुनी बघा.) पोम्पोनियस मेला हा रोमन भूगोलकार इ.स. ४० च्या दशकात सांगतो की तिथलं गवत एवढं रसाळ की गुरांना वेळेवर आवरलं नाही तर खाऊन खाऊन फुटतील. यात थोडं तथ्य असावं, गवत खरंच चांगलं आहे, पण ऐकीव माहिती ती ऐकीवच.

टॉलेमी मात्र वेगळा. हा अलेक्झांड्रियात बसलेला, इ.स. १५० च्या सुमारास त्याने जगातल्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून काढले आणि त्यात आयर्लंडच्या नद्या, टोकं, जमाती, वस्त्या अशी पन्नासच्या वर नावं आहेत. बुविंडा म्हणजे आजची बॉइन नदी, सेनोस म्हणजे शॅनन, हे बऱ्यापैकी पटतं. त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे, नावं किनाऱ्यावर दाट आणि आत गेलं की विरळ. ही माहिती कोणी दिली ते यावरूनच कळतं, जहाजवाल्यांनी. टॅसिटसही म्हणतोच की तिथली बंदरं आणि वाटा व्यापाऱ्यांमुळे माहीत आहेत. म्हणजे फौजेचं माहीत नाही पण किनाऱ्याने बोटी फिरत होत्या, कुठली नदी कुठे समुद्राला मिळते हे कोणीतरी परत येऊन सांगत होतं, एवढं टॉलेमीवरून नक्की म्हणता येतं. त्याच्या यादीत ब्रिगांटीस नावाची जमात आग्नेय आयर्लंडमध्ये आहे, आणि याच नावाची मोठी जमात उत्तर इंग्लंडमध्येही होती. तेच लोक समुद्र ओलांडून आले की नुसतं नाव सारखं? नावावरून नातं लावलं की कधीकधी बादरायण संबंध निघतो, पण सोडून देण्यासारखंही नाही, का ते पुढे येईल.

आता परत ड्रमॅना. १९८० च्या दशकात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांनी तिथून चोरून बऱ्याच वस्तू काढल्या, त्यात रोमन नाणी, ब्रिटनच्या घडणीच्या ब्रूच पिना, तांब्याच्या लगडी असं काय काय होतं. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय असं शोधणं कायद्याने गुन्हा आहे, मग वस्तू नॅशनल म्युझियमकडे आल्या, त्यावरून कायद्याची गुंतागुंत झाली आणि वर्षानुवर्षं त्याबद्दल कोणाला धड काही छापता येईना. या शांततेत जानेवारी १९९६ मध्ये संडे टाइम्सने बातमी फोडली की हा किल्ला सापडल्यामुळे रोमनांनी आयर्लंडवर स्वारी केल्याचं सिद्ध झालं. सिद्ध! मग काय, पेपरात, मासिकांत, आर्किऑलॉजीवाल्यांच्यात नुसती धुमश्चक्री. आयरिश लोकांना "आमच्यावर रोमन आले नव्हते" याचा एक वेगळा अभिमान आहे, इंग्रजांपेक्षा आपण वेगळे ते यामुळेही, त्यामुळे हा वाद नुसता मातीतल्या खापरांचा राहिला नाही.

शांतपणे बघितलं तर अडचण कुठे आहे ते लक्षात येतं. रोमन छावणी बघताक्षणी ओळखू येते, पत्त्याच्या पानासारखी, लांबट चौकोन आणि कोपरे गोल केलेले. ड्रमॅना तशी नाहीच. कड्यावर बांध घालून टोक अडवायची ही पद्धत आयर्लंडच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी दिसते, ती तिथलीच. जागा मोठी आहे, चाळीस एकरांच्या आसपास, म्हणजे हजारो लोक राहू शकतील अशी, पण मोठी म्हणजे रोमन असं नाही ना. आणि डिटेक्टरने काढलेल्या वस्तूंचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे त्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होत्या हे कायमचं गेलं. नाणं चुलीच्या राखेत होतं, घराच्या पायात होतं की कोणाच्या थैलीतून नुसतं पडलं, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि ती माहिती उपटून फेकलेली. पुरावा चोरला म्हणजे वस्तू चोरली असं आपल्याला वाटतं, इथे वस्तू परत मिळाली, चोरीला गेला तो तिचा पत्ता.

पुढे तिथल्या काउन्सिलने जागा विकत घेतली आणि २०१८ पासून गावातल्या लोकांना बरोबर घेऊन रीतसर खोदकाम सुरू झालं. ते अंजीर त्यातलंच, आणि म्हणून मला ते त्या सगळ्या नाण्यांपेक्षा मोलाचं वाटतं. ते कुठे होतं ते माहीत आहे. आता बहुतेकांचं मत असं दिसतं की ड्रमॅना ही एक पेठ असावी, रोमन ब्रिटनशी देवघेव करणारी, ज्यात आयरिशही राहत असतील आणि पलीकडून आलेलेही. छावणीची कल्पना पुरती मेलेली नाही पण तिच्या बाजूने अजून काही ठोस निघालेलं नाही.

ड्रमॅनाच्या जरा दक्षिणेला, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटर आत समुद्रात लॅम्बे नावाचं बेट आहे. तिथे १९२७ मध्ये बंदराचं काम चालू असताना थडगी लागली, त्यात इ.स. पहिल्या शतकातल्या ब्रिटनच्या पद्धतीच्या ब्रूच, गळ्यातलं जाड मण्यांचं कडं, आरसा, तलवार. ही शैली उत्तर इंग्लंडची. आणि उत्तर इंग्लंडमध्ये कोण, तर ब्रिगांटीस, ज्यांना रोमनांनी इ.स. ७० च्या दशकात चिरडलं. मग एक शक्यता समोर येते की हे रोमन तर नाहीतच, रोमनांपासून पळून आलेले लोक आहेत! ही कल्पना मला फार आवडते, म्हणजे रोमन वस्तू आयर्लंडात आणणारा माणूस रोमचा शत्रू असू शकतो. शंभर टक्के सिद्ध नाही, पण वस्तूवरून माणूस ओळखायला गेलं की कसं तोंडावर आपटायला होतं त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता किल्केनी परगण्यातलं स्टोनीफर्ड. इथे १९ व्या शतकात एक दफन सापडलं. माणूस जाळून त्याची राख काचेच्या भांड्यात भरलेली, सोबत एक पितळेसारख्या धातूचा गोल आरसा आणि काचेची छोटीशी कुपी, तेलाची किंवा अत्तराची. बस, एवढंच. आरसा आणि कुपीमुळे ती बाई असावी असं म्हणतात. आणि हे एवढंसं मला टॅसिटसच्या सगळ्या पानांपेक्षा वजनदार वाटतं. का ते सांगतो. नाणं खिशातून येतं, भांडं बाजारातून येतं, पण मेलेल्या माणसाचं काय करायचं हे कोणी बाजारातून आणत नाही. ते घरचं असतं. आपल्याकडेच बघा, परदेशात तीन पिढ्या राहिलेली माणसं पिझ्झा खातील, मुलं मराठी बोलणार नाहीत, पण दहाव्याला भात ठेवायचा तर ठेवतात. स्टोनीफर्डला कोणीतरी होतं ज्याला पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रोमन ब्रिटनमध्ये साध्या सुखवस्तू बाईला कसं निरोप देतात हे माहीत होतं, आणि तसं करावं असं वाटत होतं, आणि आजूबाजूला ते करू देणारे लोक होते. एकट्याने कोणी स्वतःची राख भरत नाही. म्हणजे निदान एक कुटुंब तरी.

विक्लो परगण्यातल्या ब्रे इथे १८३५ मध्ये सांगाडे सापडले, त्यांच्या जवळ ट्रेजन आणि हेड्रियन या सम्राटांची नाणी, मेलेल्याला पलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून नाणं ठेवायची जुनी रीत आहे तसलं काहीतरी. पण १८३५ मधलं खोदकाम म्हणजे कसलं खोदकाम, आज तपासायला हातात फार काही नाही.

नवीन पिढीकडे एक चांगलं हत्यार आहे, दात. लहानपणी दात तयार होतात तेव्हा जे पाणी पितो, ज्या जमिनीतलं धान्य खातो त्याची खूण दाताच्या वरच्या कठीण थरात राहते आणि माणूस नंतर कुठेही गेला तरी ती बदलत नाही. जन्मदाखलाच म्हणा ना तोंडात ठेवलेला. डिस्कव्हरी प्रोग्राम या आयरिश संस्थेने २०११ पासून याच काळावर एक मोठा प्रोजेक्ट चालवला, त्यात अशा तपासण्या झाल्या आणि काही माणसं आयर्लंडबाहेर लहानाची मोठी झालेली निघाली. फक्त स्टोनीफर्डची बाई जाळलेली, त्यामुळे तिच्याबाबतीत हे हत्यार बोथट होतं, नेमकं जिथे हवं तिथे.

एक आख्यायिका मधेच सांगून टाकतो कारण यावर इंटरनेटवर फार उड्या पडतात. मध्ययुगीन आयरिश कथांत तुआहल तेख्तवर नावाचा राजा येतो. बापाला बंडखोरांनी मारलं, आई गरोदरपणीच पळून माहेरी अल्बाला म्हणजे ब्रिटनकडे गेली, मुलगा तिकडे वाढला आणि सैन्य घेऊन परत येऊन राज्य मिळवलं. काळही पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास बसवता येतो. मग काय, अग्रिकोलाकडे आलेला तो हाकललेला राजा हाच! रिचर्ड वॉर्नर या अभ्यासकाने १९९० च्या दशकात हे गंभीरपणे मांडलं, रोमन ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आयरिश लोकांची स्वारी म्हणून, आणि त्याने पुराव्यांची जुळणी हुशारीने केलीय यात वाद नाही. पण या कथा लिहिल्या गेल्या त्या घटनेनंतर सातशे-आठशे वर्षांनी, राजघराण्यांना आपापली वंशावळ जुनी दाखवायची होती तेव्हा. हद्दपार राजपुत्र परत येतो ही कथा तर जगभर मिळते. मला विचाराल तर वाचायला झकास, कोर्टात टिकणार नाही.

नाण्यांचं प्रकरण तर अजून घोळाचं. गेली दोनशे वर्षं आयर्लंडात कुठे ना कुठे रोमन नाणी "सापडतात", आणि त्यातली कितीतरी १८-१९ व्या शतकातल्या श्रीमंतांनी इटलीच्या सहलीहून आणलेली, नंतर हरवलेली किंवा बागेत पडलेली. १९७३ मध्ये जे. डी. बेटसन या अभ्यासकाने सगळी यादी घेऊन चाळणी लावली, कुठलं खरंच जुन्या काळी आलेलं आणि कुठलं संशयास्पद, तर बराच माल चाळणीतून खाली गेला. अगदी खरं नाणंसुद्धा फसवतं. किल्केनीतल्याच फ्रीस्टोन हिल या टेकडीवर १९४८-४९ मध्ये खोदकाम झालं, तिथे दुसऱ्या कॉन्स्टंटाइनचं चौथ्या शतकातलं एक नाणं निघालं आणि त्या एका नाण्याच्या जोरावर तिथली ओबडधोबड मातीची भांडीही चौथ्या शतकातली धरली गेली. पुढे कळलं की ती भांडी त्याच्या हजार वर्षं आधीची आहेत, एकाच टेकडीवर दोन वेगळ्या काळातले लोक येऊन गेले होते आणि माती एकमेकांत मिसळलेली. शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण शीत त्याच भाताचं आहे का ते तरी बघा.

न्यूग्रेंजला मात्र प्रकार वेगळा. हे थडगं रोमनांपेक्षाही तीन हजार वर्षं जुनं, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं. त्याच्या दाराशी पंचवीसेक रोमन नाणी मिळालीयत, त्यात सोन्याचीही, डोमिशियनपासून आर्केडियसपर्यंत, म्हणजे इ.स. पहिल्या शतकाच्या शेवटापासून चौथ्याच्या शेवटापर्यंत. शिवाय सोन्याचे दागिने. एकाच वेळी पुरलेला खजिना असता तर समजलं असतं, पण ही तीनशे वर्षांत थोडी थोडी येऊन पडलेली, म्हणजे नवसाची, देवापुढे ठेवलेली. काही नाण्यांना लटकन करून गळ्यात घालायची सोय केलेली. ठेवणारे कोण? ब्रिटनहून यात्रेला आलेले, की रोमन नाणं म्हणजे काहीतरी भारी म्हणून ते देवाला वाहणारे स्थानिक? दोन्ही जमतं.

इथे मला कोल्हापूर आठवतं. ब्रह्मपुरीला पंचगंगेकाठी १९४० च्या दशकात रोमन घडणीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यातली पोसायडनची देखणी छोटी मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ती बघून कोणी म्हणत नाही की रोमन फौज करवीरात उतरली होती, आपण सरळ म्हणतो की सातवाहनांच्या काळात व्यापार होता. आयर्लंड रोमच्या इतकं जवळ होतं म्हणूनच तिथे लोकांना तेवढ्यावर समाधान होत नाही.

वस्तूंमधली माझी सगळ्यात आवडती मात्र टिपरेरी परगण्यातल्या गोल्डन गावची. पाटीच्या दगडाचा बोटभर लांबीचा चौकोनी तुकडा, त्याच्या कडेवर अक्षरं उलटी कोरलेली, म्हणजे शिक्का मारला की सुलटी उमटावीत. डोळ्यांच्या वैद्याचा शिक्का आहे हा. तेव्हा डोळ्याचं औषध वड्या किंवा कांड्या करून विकत, आणि ओली असताना त्यावर हा शिक्का दाबत, आजच्या औषधाच्या पट्टीवर नाव छापतात तसंच. मजकूर काय, तर मार्कस युव्हेंटियस ट्युटियानसचं डायमिसस, जुन्या व्रणांसाठी. बस. आयर्लंडच्या मातीतून आलेला हा एक लॅटिन मजकूर, आणि तो स्वारीचा नाही, सम्राटाचा नाही, मलमाचा आहे. कोणी खुळा म्हणेल की बघा, रोमन डॉक्टर होता म्हणजे छावणी असणार. पण फिरता वैद्य असू शकतो, लुटीत आलेला शिक्का असू शकतो, किंवा कोणाला नुसता दगड आवडला म्हणून ठेवला असेल. तरी त्या धुरकट झोपड्यांत डोळे चुरचुरणारे लोक पुष्कळ असणार, आणि एखादा ब्रिटनहून पेटी घेऊन गावोगाव फिरत असेल तर धंदा बरा चालला असता.

चौथ्या शतकापासून उलटी गंगा वाहायला लागते. आता रोमनांनी आयर्लंडवर जायचा प्रश्नच नाही, आयरिश लोकच ब्रिटनवर धाडी घालतायत. इ.स. ३६७ मध्ये पिक्ट म्हणजे उत्तर स्कॉटलंडचे लोक, स्कॉटी म्हणजे आयरिश, आणि अटाकोटी अशा सगळ्यांनी एकदम हल्ला केला असं अम्मियानस मार्सेलिनस हा रोमन इतिहासकार लिहितो. गंमत म्हणजे याच अटाकोटींच्या नावाच्या तुकड्या रोमन सैन्याच्या यादीतही दिसतात, म्हणजे मारायला आलेल्यांना पगारावर ठेवलेलं. हे अटाकोटी आयरिश होते का यावर अजून एकमत नाही.

१८५४ मध्ये कोलरेनजवळ बॅलिनरीस इथे दीड हजारांच्या वर चांदीची रोमन नाणी आणि त्यासोबत चांदीच्या लगडी, कापलेल्या थाळ्यांचे तुकडे असा ऐवज निघाला, पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा. लिमरिकमध्ये बॅलिनला १९४० मध्ये असाच छोटा साठा. आधी सगळे सहज म्हणायचे की लूट, कोणत्यातरी रोमन वाड्यातून थाळ्या उचलल्या आणि वाटणीसाठी तोडल्या. आता बरेच जण म्हणतात की चांदी अशी वजनाने तोडून देणं ही त्या काळातली पैसे द्यायचीच पद्धत होती, मग हा भाडोत्री शिपायांचा पगार किंवा "आमच्यावर येऊ नका" म्हणून दिलेली खंडणी असेल. तोच ढीग, चोरीचा माल म्हणा नाहीतर कमाई. चांदी दोन्हीकडे सारखीच चमकते, तिला विचारून उपयोग नाही.

आयर्लंडचा लाडका संत सेंट पॅट्रिक तिथे पोहोचला तोही याच धाडींमधून, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो आयरिश नव्हताच, रोमन ब्रिटनमधल्या बऱ्या घरचा मुलगा. वडील कॅल्पोर्नियस गावच्या कौन्सिलवर. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याला धाडीत पकडून नेलं, सहा वर्षं गुलाम म्हणून गुरं-मेंढरं राखली, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की माझ्यासारखे हजारो नेले होते. आता विचार करा, हजारो लॅटिन जाणणारी माणसं, आयरिश घरांत, चुलीपाशी, गोठ्यात. संपर्काचा पुरावा शोधताना आपण किल्ले आणि नाणी शोधत बसतो आणि ही माणसं मोजायची राहून जातात, कारण गुलामाचं मातीत काही उरत नाही.

पण भाषेत उरतं. जुन्या आयरिशमध्ये एके काळी प हा आवाजच नव्हता. मग लॅटिनचा शब्द प घेऊन आला की ते त्याचा क करत. जांभळ्या रंगाला लॅटिनमध्ये पुरपुरा, त्याचं आयरिशमध्ये झालं कोरकुर. ईस्टरला पास्का, त्याचं झालं काश्क, आजही ते शब्द थोड्या बदलाने चालू आहेत. नंतरच्या काळात त्यांना प जमायला लागला, म्हणून उशिरा आलेल्या शब्दांत प तसाच राहिला, चुंबनाला पोग म्हणतात, तो लॅटिनमधल्या शांती या अर्थाच्या पाक्स शब्दातून आलाय, चर्चमध्ये शांतीचं चुंबन देतात त्यावरून. म्हणजे शब्दांतही थर असतात, मातीसारखे, आणि हे थर मेटल डिटेक्टरने कोणी उकरू शकत नाही. पुरपुराचं कोरकुर करायला कोणीतरी आधी ते कानाने ऐकलं असणार, बहुधा ब्रिटनच्या माणसाकडून, आणि जांभळा कपडा बघून बोटही दाखवलं असणार.

ओगम या जुन्या आयरिश लिपीचंही तसंच. दगडाच्या कडेवर आडव्यातिरक्या रेघा, एक रेघ, दोन रेघा, पाचपर्यंत, अशी ती अक्षरं, साधारण चौथ्या शतकातली, आणि असे चारेकशे दगड आहेत, सगळ्यात जास्त केरी-कॉर्क-वॉटरफर्ड या दक्षिणेच्या पट्ट्यात. लिपी दिसायला लॅटिनसारखी अजिबात नाही. पण अक्षरांची मांडणी बघून अभ्यासक म्हणतात की ज्याने ती घडवली त्याला लॅटिन मुळाक्षरं आणि व्याकरण चांगलं येत होतं. तुमची लिपी नको पण लिहायची आयडिया हवी, असला खास स्वभाव.

आणि एक ओगम दगड आयर्लंडात नाही, इंग्लंडच्या दक्षिणेला सिल्चेस्टरला आहे, जे रोमन काळातलं चांगलं मोठं शहर होतं. १८९३ मध्ये तिथल्या एका जुन्या विहिरीत सापडला, छोटा रोमन खांबच आहे तो, बायकांच्या बांगड्यांसारखे गोल कंगोरे असलेला, आणि त्याच्यावर कोणीतरी रेघा ओढल्यात. इतका अनपेक्षित की काहींनी तो बनावट ठरवून टाकला होता. वाचतात ते असं, एबिकाटोसचा, अमुक कुळीच्या मुलाचा. म्हणजे रोमन शहरात एक आयरिश माणूस होता, त्याला तिथला खांब मिळाला आणि त्याच्यावर स्वतःच्या लिपीत नाव घालायला माणूसही मिळाला. कुळीचं नाव कळलं असतं तर तो आयर्लंडच्या कुठल्या भागातून आला होता तेही बहुधा सांगता आलं असतं. नेमका तिथेच दगड तुटलाय.